तोटा आधी कोणी सोसायचा?

क्रिप्टोच्या एखाद्या कंपनीत चोरी झाली की काही तासांत एक निवेदन येतं. कंपनी कुठलीही असो, मजकूर तोच असतो. चौकशी सुरू आहे, पैसे काढणं तात्पुरतं थांबवलं आहे, अफवांवर विश्वास ठेवू नका, या कठीण काळात आपण सगळे एकत्र राहू. कोल्हापूर जिल्ह्यात ज्यानं कधी पतसंस्थेत मुदत ठेव ठेवली आहे, त्याला हा मजकूर नवा नाही. संस्थेच्या दारावर ‘ठेवी सुरक्षित आहेत’ असा कागद लागला की दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत शटरसमोर रांग लागलेली असते. लोकांना एवढं कळतं की जिच्या ठेवी खरंच सुरक्षित आहेत, तिला असा कागद लावायची वेळ येत नाही.

माझा व्यवसाय लेखापरीक्षणाचा. पतसंस्था, दूध संस्था, विकास सेवा सोसायट्या यांची दप्तरं तपासणं हे रोजचं काम. आयकराची विवरणपत्रंही भरून देतो, आणि त्या निमित्तानं क्रिप्टो माझ्या टेबलावर आलं. राजारामपुरीत क्लास घेणारा शिक्षक, शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत काम करणारा सुपरवायझर, हुपरीच्या चांदी कारागिराचा मुलगा अशी ही माणसं आहेत. कुणी पन्नास हजार घातलेत, कुणी बहिणीच्या लग्नासाठी साठवलेले चार लाख. २०२४ च्या जुलैत वझीरएक्स या भारतातल्या एक्सचेंजमध्ये, म्हणजे क्रिप्टोच्या खरेदी-विक्रीच्या बाजारात, चोरी झाली. त्यानंतर यातले बरेच जण एकच प्रश्न घेऊन येतात: साहेब, चोरी झाली तेवढी झाली, पण आता परत विश्वास ठेवायचा का?

कंपन्या या प्रश्नाचं उत्तर तंत्रज्ञानाच्या भाषेत देतात. नवं वॉलेट (नाण्यांची डिजिटल तिजोरी) आणलं, नवा कस्टोडियन (नाणी सांभाळणारी बाहेरची कंपनी) नेमला, कोड पुन्हा तपासून घेतला वगैरे. मला हे उत्तर अपुरं वाटतं. चोरी कशी झाली, हे पाहायलाच हवं. पण विश्वासाचा निकाल त्यावर लागत नाही. तो लागतो चोरीनंतर तोटा कुठल्या क्रमानं वाटला गेला, त्यावर. मालकांचं भांडवल संपायच्या आधी ज्यांनी ठेवीदाराच्या खिशात हात घातला, त्यांच्यावर पुन्हा विश्वास ठेवू नये. त्यांचं नवं वॉलेट कितीही पक्कं असो.

वझीरएक्सचंच घ्या, कारण आपल्याकडच्या लोकांचे सगळ्यात जास्त पैसे तिथे अडकले. १८ जुलै २०२४ ला त्या एक्सचेंजच्या एका वॉलेटमधून सुमारे साडेतेवीस कोटी डॉलरची, म्हणजे जवळपास दोन हजार कोटी रुपयांची नाणी गेली. त्या वॉलेटला सहा सह्या करणारे होते, पाच कंपनीचे आणि एक बाहेरच्या कस्टडी कंपनीचा. व्यवहार पुढे जायला कंपनीच्या तिघांची आणि त्या बाहेरच्याची सही लागायची. सह्या नियमाप्रमाणे झाल्या. फरक इतकाच की सही करणाऱ्यांना पडद्यावर एक व्यवहार दिसत होता आणि सही दुसऱ्याच व्यवहारावर पडत होती. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरिया यांनी संयुक्त निवेदनात या चोरीसाठी उत्तर कोरियाला जबाबदार धरलं.

इथपर्यंत कंपनीबद्दल मला सहानुभूती आहे. एका देशानं पोसलेल्या टोळीसमोर शंभर-दोनशे माणसांची कंपनी कमी पडू शकते. पुढे जे झालं, त्याबद्दल मात्र अजिबात नाही. आठ-दहा दिवसांत कंपनीनं प्रस्ताव मांडला की प्रत्येकाच्या खात्यातला ५५ टक्के हिस्सा वापरता येईल आणि ४५ टक्के गोठवला जाईल. ज्याची नाणी चोरीला गेली त्याचाही आणि ज्याच्या नाण्याला चोरानं हातही लावला नव्हता त्याचाही. वर लोकांना दोन पर्याय दिले. व्यवहार करा पण पैसे काढू नका, म्हणजे वसुलीत तुमचा नंबर आधी. पैसे काढायचे असतील तर वसुलीत तुम्ही मागे. लोक खवळले, तेव्हा ही केवळ मतचाचणी होती असा खुलासा आला.

फाउंड्रीतल्या त्या सुपरवायझरनं त्या आठवड्यात मोबाइल माझ्यासमोर ठेवला होता. अ‍ॅप उघडत होतं. शिल्लक दिसत होती, नाण्याचा भाव दर सेकंदाला वर-खाली होत होता, त्याबरोबर त्याची रक्कमही हलत होती. खाली ‘पैसे काढा’चं बटण राखाडी झालं होतं. तो ते दाबून दाखवत होता, पुन्हापुन्हा. बुडालेल्या पतसंस्थेच्या पासबुकात निदान आकडा तरी स्थिर असतो.

त्यानं विचारलं, या कंपनीचा मालक कोण? याचं सरळ उत्तर मला देता येईना. भारतातली कंपनी वेगळी, सिंगापूरची वेगळी. २०१९ मध्ये बायनान्स या परदेशी एक्सचेंजनं वझीरएक्स विकत घेतल्याचं जाहीर झालं होतं, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये बायनान्सच्या प्रमुखांनीच तो व्यवहार पूर्ण झाला नसल्याचं जाहीर केलं. वझीरएक्सच्या संस्थापकांनी ते नाकारलं. नफ्याच्या दिवसांत हा वाद कुणाला टोचला नाही. तोटा आला त्या दिवशी मात्र तो सोसणारा मालकच सापडेना. मग पुढचा सगळा खेळ सिंगापूरच्या उच्च न्यायालयात झाला. आपल्या सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या ग्राहकांना एप्रिल २०२५ मध्ये हा धोरणाचा विषय आहे, योग्य त्या यंत्रणेकडे जा, असं सांगण्यात आलं. सिंगापूरच्या न्यायालयानं कंपनीची योजना आधी जून २०२५ मध्ये फेटाळली, मग फेरमतदान झालं, ऑक्टोबरमध्ये योजना मंजूर झाली आणि त्याच महिन्यात एक्सचेंज पुन्हा सुरू झालं. जो हिस्सा परत मिळाला नाही त्याच्या बदल्यात हातात ‘रिकव्हरी टोकन’, म्हणजे पुढे वसुली झाली तर वाटा देऊ अशी डिजिटल पावती.

कंपनीची बाजू घेणारे म्हणतात, मतदानात नव्वद टक्क्यांहून जास्त लोकांनी योजनेला होकार दिला, मग तुम्ही कशाला बोलता? मी बोलतो, कारण त्या मतदानाचा दुसरा पर्याय होता कंपनी अवसायनात जाणं आणि पैशासाठी आणखी काही वर्षं थांबणं. अवसायक नेमलेल्या संस्थांचे ठेवीदार मी पाहिले आहेत. त्यांच्यासमोर कुठलीही योजना ठेवा, ते हात वर करतील. त्या होकारातून त्यांची निकड कळते, विश्वास कळत नाही.

याच धंद्यात वेगळं वागलेलेही आहेत, आणि म्हणूनच माझी मागणी अवाजवी आहे असं मी मानत नाही. मे २०१९ मध्ये बायनान्समधून सात हजार बिटकॉइन गेले. कंपनीनं आपल्या व्यवहार शुल्कातून जुलै २०१८ पासून साठवलेल्या निधीतून ते भरून दिले. २१ फेब्रुवारी २०२५ ला बायबिट या एक्सचेंजमधून चार लाखांहून जास्त इथर (इथेरियम या ब्लॉकचेनचं नाणं), म्हणजे जवळपास दीड अब्ज डॉलर गेले. या धंद्यातली आजवरची ही सगळ्यात मोठी चोरी. पद्धत वझीरएक्ससारखीच, पडद्यावर एक आणि सहीखाली दुसरं. पण प्रमुख माणूस त्याच दिवशी थेट प्रक्षेपणात लोकांसमोर बसला, पैसे काढणं चालू ठेवलं, आणि बाहेरून उसनं आणून तीन दिवसांत खड्डा बुजवला. जुलै २०२५ मध्ये आपल्याकडच्या कॉइनडीसीएक्स या एक्सचेंजचे साधारण ४.४ कोटी डॉलर गेले. ते कंपनीच्या स्वतःच्या खात्यातले होते आणि तोटा आम्हीच सोसू, असं तिनं सांगितलं. हे चांगलं झालं. पण तेही तिनं बाहेरच्या एका तपासकानं ही हालचाल उघडी केल्यानंतरच सांगितलं, याची नोंद माझ्या वहीत आहे.

बिटफिनेक्स या एक्सचेंजचं उदाहरण मधोमध बसतं. ऑगस्ट २०१६ मध्ये तिथून जवळपास एक लाख वीस हजार बिटकॉइन गेले आणि कंपनीनं सगळ्यांच्याच खात्यातून ३६ टक्के कापले. वझीरएक्सचे समर्थक याचाच दाखला देतात. पण कापलेल्या प्रत्येक डॉलरमागे बिटफिनेक्सनं एक टोकन दिलं होतं, ते मूळ कंपनीच्या भागभांडवलात बदलून घ्यायची सोय ठेवली होती, आणि एप्रिल २०१७ पर्यंत उरलेली सगळी टोकन पूर्ण किमतीला परत घेतली. म्हणजे तोटा लोकांवर टाकला खरा, पण त्याबरोबर मालकीतला वाटाही देऊ केला. ज्याला तोट्यात भागीदार करता, त्याला मालकीतही भागीदार करा. एवढं जरी पाळलं तरी माझा अर्धा विरोध मावळेल.

या सगळ्याशी कोल्हापूरचा संबंध फक्त गुंतवणूकदारांपुरता नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या संगणक यंत्रणेत घुसून चोरांनी ९४ कोटी रुपये काढले. खोट्या कार्डांवर जगातल्या २८ देशांत एटीएममधून नोटा काढल्या गेल्या आणि भारतात ज्या शहरांतून काढल्या गेल्या त्यांत कोल्हापूर होतं. कार्ड घातलं की ते बरोबर आहे का, हा प्रश्न बँकेच्या मुख्य यंत्रणेपर्यंत पोचायलाच हवा होता. चोरांनी मध्येच आपली यंत्रणा बसवली होती आणि तीच प्रत्येक वेळी ‘हो’ म्हणत होती. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ मंडळानं पुढच्या वर्षी या चोरीचा धागाही उत्तर कोरियाशी जोडला. सात वर्षांच्या आत कॉसमॉस, वझीरएक्स आणि बायबिट या तिन्ही ठिकाणी खोटं मधल्या पायरीवर बोललं गेलं.

कॉसमॉसच्या ठेवीदारांचा मात्र एक रुपयाही गेला नाही. बँकेनं तोटा आपल्या ताळेबंदात घेतला. तिथे भागभांडवल होतं, राखीव निधी होता, वर रिझर्व्ह बँक होती. ठेवीदारांची मतचाचणी घ्यायचा प्रश्नच आला नाही. आज बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे. क्रिप्टोवाल्यांना ही तुलना आवडत नाही. ते म्हणतात, आम्ही बँक नाही. मान्य. मग बँकेसारखी ठेव का घेता? नाणी तुमच्या ताब्यात, किल्ली (नाणी हलवायचा गुप्त संकेत) तुमच्याकडे, आणि माणसाच्या हातात फक्त पडद्यावरचा आकडा, याला माझ्या व्यवसायात ठेवच म्हणतात.

यावर ठरलेलं उत्तर येतं: किल्ली स्वतःकडे नसेल तर नाणंही तुमचं नाही, चूक तुमचीच. किल्ली स्वतः सांभाळावी हा सल्ला म्हणून उत्तम आहे. चोरीनंतर बचाव म्हणून तो मी मान्य करणार नाही. नाणी आमच्याकडे ठेवा, हे सोपं आहे, सुरक्षित आहे, अशी क्रिकेटच्या सामन्यांमध्ये जाहिरात करायची आणि चोरी झाली की किल्लीचं तत्त्वज्ञान सांगायचं, हे चालणार नाही.

शिवाय किल्ल्या वाटून ठेवल्या म्हणजे काम झालं, असंही नाही. आमच्याकडे पतसंस्थेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात, एक व्यवस्थापकाकडे, एक रोखपालाकडे. रोखपाल रजेवर जाताना आपली किल्ली व्यवस्थापकाकडेच देऊन गेला आणि परत आल्यावर मागून घ्यायची विसरला, तर तिजोरीला एकच किल्ली उरते. रोनिन नावाच्या क्रिप्टो नेटवर्कचं नेमकं हेच झालं. नऊ किल्ल्यांपैकी पाच लागायच्या. चार एकाच कंपनीकडे होत्या. पाचवी सही करण्याचा अधिकार २०२१ च्या अखेरीस कामाच्या गर्दीत काही दिवसांपुरता त्याच कंपनीला दिला गेला आणि नंतर काढून घ्यायचा राहून गेला. मार्च २०२२ मध्ये तिथून साठ कोटी डॉलरहून जास्त रक्कम गेली. सहा दिवस कुणाला पत्ता नव्हता. एका ग्राहकाला पैसे काढता येईनात, तेव्हा कळलं. जिथे रोजची शिल्लक रोज जुळवली जात नाही, तिथे सहा दिवस काय, सहा महिनेही जातील.

त्यामुळे ‘आमच्याकडे साठा आहे, बघून घ्या’ हा नवा दाखला मी सावधपणे घेतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये एफटीएक्स हे मोठं एक्सचेंज बुडाल्यावर अनेक एक्सचेंजांनी आपापल्या वॉलेटांतला साठा उघड करायला सुरुवात केली. चांगलीच गोष्ट आहे. पण आमच्या कामात रोकड मोजणी हा तपासणीचा निम्माच भाग असतो. आम्ही न कळवता सकाळी संस्था उघडायच्या वेळी जातो, गड्ड्या टेबलावर मांडायला लावतो, मोजतो, कालच्या किर्दीतल्या अखेरच्या शिलकीशी ताडतो. मग खरं काम सुरू होतं. ठेवीची खतावणी उघडायची, पावत्या आणि नोंदी जुळवायच्या, काही ठेवीदारांना थेट पत्रं पाठवायची की तुमची इतकी ठेव दप्तरी दिसते, बरोबर आहे का. देणं किती आहे हे कळल्याशिवाय तिजोरीतल्या रकमेला काही अर्थ नसतो. मोजणीच्या दिवसापुरती दुसऱ्या संस्थेतून रोकड आणून ठेवणारे महाभाग जिल्ह्यात होऊन गेले आहेत. साठा दाखवणाऱ्या एक्सचेंजनं त्याच दिवसाचं, त्याच तासाचं देणंही त्रयस्थाकडून तपासून दाखवलं पाहिजे.

मी सहकाराचे गोडवे गातोय असं कुणाला वाटेल. तसं नाही. याच जिल्ह्यात पतसंस्था बुडाल्या, ठेवीदार सहायक निबंधकाच्या कार्यालयासमोर उपोषणाला बसले, काहींचे पैसे शेवटपर्यंत आले नाहीत. पतसंस्थांना तो पाच लाखांचा विमाही नाही. मंजूर-मंजूरच्या घोषणांत उरकलेल्या वार्षिक सभा मी पाहिल्या आहेत. तरीही सभासदाच्या हातात काही तरी उरतं. अहवाल मागता येतो. सहकार कायद्याच्या कलम ८३ खाली चौकशी लावता येते. कलम ८८ खाली नुकसानीची जबाबदारी संचालकांवर नावानिशी निश्चित होते आणि त्यांच्या मालमत्तेवर बोजा चढू शकतो. ‘अठ्ठ्याऐंशी लागली’ म्हटलं की गावात भल्याभल्यांची झोप उडते. आणि हजार रुपयांचा शेअर असो की लाखाचा, मत एकच.

क्रिप्टोत मत नाण्याला असतं, माणसाला नाही. तरी तिथलं सगळ्यात प्रामाणिक उदाहरणही सांगायला हवं. जून २०१६ मध्ये इथेरियमवरच्या ‘द डीएओ’ या गुंतवणूकदारांच्या सामायिक निधीतून छत्तीस लाख इथर चोरांकडे वळले. महिनाभर जाहीर भांडण झालं. नाणेधारकांची मतचाचणी झाली, तीत एकूण इथरच्या अगदी थोड्या हिश्श्याचं मत पडलं. अखेर २० जुलैला साखळीच्या (ब्लॉकचेनच्या) नोंदींत बदल करून पैसे ज्यांचे त्यांना परत देण्याचा निर्णय अमलात आला. ज्यांना हे तत्त्वतः पटलं नाही ते जुन्या साखळीवर राहिले, ती आजही इथेरियम क्लासिक म्हणून चालू आहे. आधीपासून इथर असणाऱ्याला दोन्हीकडे आपली नाणी मिळाली. मतदान तोकडं होतं, पण विरोध करणाऱ्याचं काही हिरावलं गेलं नाही. ४५ टक्के गोठवायला निघून ‘आपण सगळे एकत्र’ म्हणणाऱ्यांनी हा फरक समजून घ्यावा.

आता कायद्याचं. आपल्या सरकारनं क्रिप्टोवर २०२२ पासून ३० टक्के कर लावला, विक्रीवर एक टक्का टीडीएस लावला, एका नाण्यातला तोटा दुसऱ्या नफ्यातून वजा करायची बंदी घातली. २०२३ मध्ये एक्सचेंजांना मनी लाँडरिंगच्या कायद्याखाली आणलं. सायबर हल्ला झाला की सहा तासांत सर्ट-इन या सरकारी यंत्रणेला कळवावं लागतं. यातला एकही नियम ठेवीदाराच्या बाजूनं लिहिलेला नाही. सरकारला सहा तासांत कळायला हवं, पण ज्याचे पैसे आहेत त्याला कधी कळायला हवं, हे कुठेच लिहिलेलं नाही. माझ्या मते दोघांना एकाच वेळी कळलं पाहिजे, आणि ग्राहकांच्या एकूण ठेवीच्या ठरावीक प्रमाणात मालकांचं स्वतःचं भांडवल भारतात, वेगळं, हात न लावता ठेवण्याची सक्ती हवी.

सुरुवात न्यायालयानं केली आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयासमोर वझीरएक्सच्याच एका ग्राहक महिलेचं प्रकरण आलं. तिच्याकडे एक्सआरपी नावाची ३,५३२ नाणी होती. चोरीला गेलेली नाणी वेगळ्या प्रकारची होती, तिच्या नाण्यांना काहीच झालं नव्हतं, तरी खातं गोठलं होतं. न्यायालयानं म्हटलं की क्रिप्टो ही मालमत्ता आहे, ती विश्वस्त म्हणून सांभाळता येते. आणि दुसऱ्याचा तोटा भरून काढायला तिची नाणी वापरायला नकार देऊन तिला अंतरिम संरक्षण दिलं. सिंगापूरमधल्या योजनेनं जे मान्य करून घेतलं, त्याच्या विरुद्ध दिशेचं हे पाऊल आहे. संसदेनं ते कायद्यात उतरवलं पाहिजे.

तोवर माझ्याकडे येणाऱ्यांना मी खातं उघडतानाच्या अटी छापून आणायला सांगतो. बहुतेकांनी त्या वाचलेल्या नसतात. आम्ही बसून त्यात तीन जागा शोधतो: चोरी झाली तर तोटा ग्राहकांत वाटण्याचा अधिकार कंपनीनं स्वतःकडे ठेवलाय का, नाणी कायद्यानं कुठल्या कंपनीच्या ताब्यात आहेत, आणि भांडण झालं तर ते कुठल्या देशाच्या न्यायालयात चालणार. हुपरीच्या त्या मुलाच्या कागदांत पहिल्याचं उत्तर ‘होय’ होतं आणि तिसऱ्याचं परदेशातलं. त्यानं त्याच संध्याकाळी उरलेली रक्कम काढून वडिलांच्या बँक खात्यात जमा केली.